जीआरई कमी आली? मग आधी बघा पैसे कोण भरतंय

ऑगस्ट-सप्टेंबर आला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. सर, जीआरईला 340 पैकी 301 आलेत, एमएसचं काय होईल? सर, क्वांटला 154 आहेत, परत देऊ का? सर, गेटचा स्कोअर 380 च आहे, आता आयआयटी विसरायची ना? (जीआरई ही मुख्यतः अमेरिकेतल्या मास्टर्स-पीएचडीसाठी द्यायची परीक्षा, क्वांट हा तिचा गणिताचा भाग, आणि गेट ही आपल्याकडच्या एमटेकसाठीची.) मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो, एलओआरवर, म्हणजे शिफारसपत्रावर, सही घ्यायला आलेली पोरं आधी हे विचारतात आणि मग फाइल पुढे करतात. आणि या प्रश्नाला आजकाल बाजारात एक तयार उत्तर मिळतं, की अरे टेन्शन कशाला घेतोस, जीआरई आता कोण मागतंय, शंभर युनिव्हर्सिट्या बिना-जीआरई घेतात, तू फक्त पासपोर्ट काढ.

उत्तर चुकीचं नाहीये, हीच पंचाईत आहे. कमी स्कोअरवर अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळणं आज खरंच फार अवघड राहिलेलं नाही. कोविडमध्ये परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा बऱ्याच डिपार्टमेंटनी जीआरई तात्पुरती बाजूला ठेवली आणि त्यातल्या कितीतरी जणांनी ती परत आणलीच नाही. त्यामुळे "मिळेल का" हा प्रश्न जुना झाला. माझं म्हणणं असं की आता विचारायचा प्रश्न वेगळाय, त्या सीटचे पैसे कोण भरतंय? संस्था स्वतःच्या खिशातून घालत असेल तर ती तुम्हाला तपासल्याशिवाय घेत नाही, परीक्षा नसली तर दुसऱ्या कशानं तरी तपासते. पैसे तुम्ही भरत असाल तर तपासणी ढिली पडते. आणि ती ढिली पडली याला आपल्याकडे "संधीचं दार उघडलं" म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

आधी त्या परीक्षेबद्दल बोलू, कारण तिची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. जीआरईचे दोन मुख्य भाग, व्हर्बल म्हणजे इंग्रजी आणि क्वांट, दोन्ही 130 ते 170, आणि लिहिण्याचा भाग 0 ते 6. 2023 च्या सप्टेंबरपासून ती घेणाऱ्या ईटीएस या संस्थेनं परीक्षा जवळजवळ निम्म्यावर आणली, पूर्वी पावणेचार तास बसावं लागायचं, आता दोन तासांच्या आत सुटका. त्यात क्वांट म्हणजे आपलं दहावी-अकरावीचं गणित, टक्केवारी, भूमिती, थोडं संख्याशास्त्र, आणि फसवायला शब्दांची फिरवाफिरवी. इंटिग्रेशन नाही, डिफरन्शिअल इक्वेशन नाही, फ्लुइड मेकॅनिक्सचा तर वासही नाही. पैकीच्या पैकी, म्हणजे 170 मिळवले तरी पर्सेंटाइल नव्वदच्या थोडं वर जातं, इतकी पोरं तिथं वरच्या छताला जाऊन चिकटलेली असतात. मग 170 आणि 166 मध्ये फरक काय? एखाददुसरी सिली मिस्टेक. असल्या परीक्षेवरून हा चांगला थर्मल इंजिनिअर होईल आणि तो होणार नाही असं कोणी सांगत असेल तर तो ज्योतिष सांगतोय.

व्हर्बलची गोष्ट तर बोलूच नये. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग थेट सेकंड इयरला आलेला मुलगा, वर्कशॉपमध्ये लेथवर हात असा बसलेला की बघत राहावं, आणि त्याचं भवितव्य इंग्रजीतल्या अशा शब्दांवर ठरवायचं जे न्यूयॉर्कचा माणूसही रोज वापरत नाही. माझा अनुभव असा की मेकॅनिकल-सिव्हिलच्या डिपार्टमेंटमध्ये व्हर्बलच्या 145 कडे फारसं कोणी बघत नाही, तिथं इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस वेगळी असतेच. पण एक जरा बाजूला सांगतो, टीएशिप, म्हणजे तिथं शिकवायला मदत करायचं पगारी काम, पाहिजे असेल तर टोफेलच्या स्पीकिंगचे मार्क बघतात, कारण तुम्ही तिथल्या सेकंड इयरच्या पोरांसमोर उभे राहणार असता. तिकडे मेहनत घेतली तर ती वाया जात नाही. क्वांटला मात्र इंजिनिअरचे 150 असतील तर वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतोच, आणि येणं साहजिक आहे.

आता संशोधन काय म्हणतं? इथं दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीचं उचलतात. 2018 मध्ये प्लॉस वन या संशोधन-पत्रिकेत एक अभ्यास आला, अमेरिकेतल्या चार मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमधले 1,805 पीएचडीचे विद्यार्थी, सायन्स आणि इंजिनिअरिंगचे. त्यात जीआरईच्या मार्कांवरून पीएचडी पूर्ण करणार की सोडून देणार हे काही सांगता आलं नाही, उलट पुरुषांमध्ये कमी क्वांटवालेच जास्त प्रमाणात पूर्ण करून गेले. परीक्षा काढा म्हणणारे हा अभ्यास झेंड्यासारखा नाचवतात. त्याच्या उलट 2001 मध्ये कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी जुने ढीगभर अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की पहिल्या वर्षाचे ग्रेड आणि मास्टर्स-पीएचडीतला अभ्यास यांच्याशी जीआरईचा बऱ्यापैकी संबंध लागतो. मला दोन्ही खरं वाटतं. कोर्सवर्क झेपेल का हे परीक्षा थोडंफार सांगते, पाच वर्षं एका प्रॉब्लेमला चिकटून बसेल का हे ती सांगत नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, 2018 चा तो अभ्यास अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांचा होता, शिवाय पीएचडीचा. इचलकरंजीहून कर्ज काढून दोन वर्षांच्या एमएसला जाणाऱ्या मुलाबद्दल तो एक ओळही बोलत नाही. तरी आमच्याकडच्या काउन्सिलिंगच्या सेमिनारमध्ये "संशोधनानं सिद्ध झालंय की जीआरईचा उपयोग नाही" हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय.

पीएचडीचं गणितच निराळं असतं. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पीएचडीला साधारणपणे ट्यूशन माफ होते आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळतो, तो पैसा प्रोफेसरच्या ग्रँटमधून किंवा डिपार्टमेंटकडून येतो. म्हणजे तुम्हाला घेणं हा त्या प्रोफेसरच्या दृष्टीनं पाच वर्षांचा खर्च आहे. तो माणूस तुमचा एसओपी, म्हणजे मला हे का शिकायचंय असं तुम्ही लिहिलेलं निवेदन, वाचतो, पेपर असेल तर उघडून बघतो, रेकमेंडेशन लिहिणारा ओळखीचा असेल तर फोन करतो, झूमवर तासभर तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टवर प्रश्न विचारून घाम काढतो. एमआयटीच्या इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर डिपार्टमेंटला जीआरई नको असते ते याच हिशोबानं, त्यांच्याकडे तपासायची याहून कडक साधनं आहेत आणि ती वापरायला वेळ खर्च करायची तयारी आहे. तिथं परीक्षा काढली याचा अर्थ चाळणी काढली असा होत नाही.

कोर्सवर्क एमएसला, म्हणजे संशोधन न करता नुसते विषय घेऊन केलेल्या मास्टर्सला, हे काहीच होत नाही. तिथं फी तुमची, राहण्याचा खर्च तुमचा, विमा तुमचा. शेकड्यांनी अर्ज, इंटरव्ह्यू बहुतेक ठिकाणी नाही, एका अर्जाला किती मिनिटं मिळत असतील याची कल्पना करा. अशा ठिकाणी जीआरई काढली की अर्ज वाढतात, अर्जाची फी जमा होते, वर्ग भरतात. 2023-24 मध्ये अमेरिकेत भारतीय विद्यार्थी 3 लाख 31 हजारांच्या वर गेले आणि कित्येक वर्षांनी चीनला मागे टाकलं, आपल्या पेपरांनी ती बातमी अभिमानानं छापली. त्यातले बहुसंख्य मास्टर्सचे. ते पैसे कुठून आले हे बातमीत नसतं, ते आमच्या गावात कोणाचा सातबारा बँकेत गेला आणि कोणाचा फ्लॅट तारण पडला यावरून आम्हाला कळतं. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज आता कोणाला विशेष वाटत नाही. आणि दारात न लागलेली चाळणी पुढे लागतेच ना! स्टेम ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथं काम करायची परवानगी, तिची मुदत सगळी मिळून तीन वर्षं, पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाचा वर्षाचा कोटा 65 हजार, तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी 20 हजार, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. म्हणजे तुम्ही पुरेसे तयार आहात का हे विचारायचं काम युनिव्हर्सिटीनं सोडून दिलं, ते तीन वर्षांनी कंपनी विचारते, फक्त तोपर्यंत हप्ते चालू झालेले असतात.

हे अमेरिकेपुरतंच आहे असं समजू नका. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये फी बहुतेक ठिकाणी नाहीच किंवा नावाला, खर्च तिथला करदाता करतो. आणि तिथं काय होतं? आखनच्या आरडब्ल्यूटीएचमध्ये इंजिनिअरिंगच्या काही मास्टर्सना युरोपबाहेरच्या मुलांकडून जीआरई मागत आलेत, म्युनिकच्या टीयूएममध्ये (तिथं 2024 पासून युरोपबाहेरच्यांना फी लागते) काही कोर्सना भारतातल्या पदवीधरांकडून जीआरई नाहीतर गेट. 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसाआधी एपीएस या जर्मन दूतावासाच्या तपासणी केंद्राकडून मार्कशीटं तपासून घ्यावी लागतात ते वेगळंच. आपल्याकडची पोरं यावर चिडतात, आमच्यावरच संशय का म्हणून. मला विचाराल तर संशय घेणारा निदान आपल्याकडे बघत तरी असतो.

आता घरचं बघा. आयआयटीत गेटमधून रेग्युलर एमटेकला गेलात तर महिन्याला 12,400 रुपये मिळतात, फी मानानं कमी, आणि गेटचा कटऑफ घसा कोरडा करतो. त्याच आयआयटी कानपूरनं 2022 मध्ये नोकरदारांसाठी ईमास्टर्स सुरू केलं, फी आठ लाखांच्या घरात, आणि जाहिरातीतच ठळक की गेटची गरज नाही. मी ईमास्टर्सला नावं ठेवत नाहीये, नोकरी करून शिकणाऱ्याला ते बरं असेल. पण नियम कुठं कडक होतो आणि कुठं सैल, ते दिसलं ना? आणखी एक, आयआयटीतूनच बीटेक केलेल्याला आठच्या वर सीजीपीए असेल तर एमटेकला गेटशिवाय घेतात. शेगावच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातल्या टॉपरला ती सूट नाही. त्याच्या मार्कांवर विश्वास कसा ठेवायचा हे त्यांना कळत नाही, आणि खरं सांगू का, आम्हालाही कळत नाही.

हा विश्वासाचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण टेस्ट काढा म्हणणारे नेमके इथं गप्प बसतात. टेस्ट काढली की अर्जात उरतं काय? पॉइंटर म्हणजे सीजीपीए, एसओपी आणि एलओआर. पॉइंटरचं म्हणाल तर ऑटोनॉमस झालेल्या, म्हणजे स्वतःच पेपर काढून तपासणाऱ्या, कॉलेजात नऊच्या वरचे ढीगभर आणि जुन्या पद्धतीनं पेपर तपासणाऱ्या युनिव्हर्सिटीत साडेसातवाला वर्गात दुसरा, आणि केटी लागलेली असली की विषय संपला, मग ती केटी एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताची, असो की आजारपणामुळे पेपर बुडाल्याची. एसओपी पैसे देऊन लिहून मिळतो, आता तर चॅटजीपीटी फुकटात लिहून देतो, सगळ्यांनाच लहानपणी खेळणी उघडून बघायची आवड होती असं त्यातून कळतं. आणि एलओआर! नव्वद टक्के कॉलेजात, हा माझा अंदाज हं, एलओआर विद्यार्थीच लिहून आणतो आणि सर सही करतात. मी स्वतः लिहितो म्हणून माझ्याकडे रांग कमी असते, कारण मला वेळ लागतो आणि मी "आजवरच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम विद्यार्थी" असं प्रत्येकाला लिहीत नाही. मग या तीन गोष्टींपैकी कशात जास्त चांगलं कोणाचं दिसणार? ज्याचा मामा सॅन होजेला आहे, ज्याच्या कॉलेजात आयआयटीतून आलेले प्राध्यापक आहेत, ज्याला समर इंटर्नशिपला ओळखीतून लॅब मिळते, त्याचं. बावीस हजारांच्या आसपासची जीआरईची फी गरिबाला जड आहेच, कबूल, पण त्या परीक्षेत मामा चालत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजनं 2024 मध्ये पदवीच्या प्रवेशाला एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा परत सक्तीची केली, एमआयटीनं तर 2022 मध्येच. डार्टमथच्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली होती, की परीक्षा ऐच्छिक असताना साधारण घरातली मुलं आपला स्कोअर कमी आहे असं समजून पाठवतच नव्हती, आणि त्यांच्या शाळेच्या, परिस्थितीच्या हिशोबानं तो चांगला होता, पाठवला असता तर फायदाच झाला असता. ती पदवीची गोष्ट आहे हे मान्य, पण ऐच्छिक या शब्दात पाणी कुठं मुरतं ते त्यातून कळतं. श्रीमंत घरच्या मुलाला कधी पाठवायचं आणि कधी लपवायचं हे सांगणारा माणूस असतो. आपल्या पोराला कोणी नसतं. म्हणून माझं मत असं की एकतर परीक्षा ठेवा आणि मार्क परिस्थितीच्या संदर्भात वाचा, नाहीतर ती काढा आणि तिच्या जागी खरं काहीतरी तपासा. ऐच्छिक नावाचं हे अर्धवट प्रकरण सगळ्यात वाईट.

आणि खरं तपासणारे बिना-टेस्टचे, नाहीतर सगळं टेस्टवर न सोडणारे कोर्स आहेत की. जॉर्जिया टेकचा ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सचा मास्टर्स 2014 पासून चालूय, जीआरई नाही, पूर्ण डिग्रीचा खर्च काही हजार डॉलरमध्ये, हजारो लोकांना घेतात आणि मग पहिल्या काही विषयांत ठरावीक ग्रेड मिळवून दाखवावे लागतात, नाही जमलं तर बाहेर. इथं दार मोठं आहे आणि पडलात तर घर विकावं लागत नाही. आयआयटी मद्रासच्या एमएस रिसर्चला किंवा बऱ्याच आयआयटींच्या पीएचडीला गेट फक्त शॉर्टलिस्टपुरती लागते, पुढे लेखी आणि इंटरव्ह्यूवर ठरतं. मुंबईच्या आयआयटीत प्रोजेक्ट स्टाफ म्हणून काम करता करता पुढे शिकायची वाट निघते, त्यासाठी आधी कुठल्यातरी प्रोफेसरच्या फंडेड प्रोजेक्टवर लागावं लागतं, पगार आयटीवाल्या मित्रांसमोर सांगायला लाज वाटेल इतका, पण दोन वर्षांनी एलओआर लिहिणारा माणूस तुम्हाला खरंच ओळखत असतो. कमी स्कोअरवाल्या पोरांना मी हा रस्ता सांगतो तेव्हा घरचे नाराज होतात, कारण हळदी-कुंकवात सांगायला "पोरगा अमेरिकेला गेला" हे जास्त बरं वाटतं.

परत द्यायची का या प्रश्नाला माझं उत्तर छोटं आहे. क्वांट 155 च्या खाली असेल आणि महिनाभर नीट बसायची तयारी असेल तर द्या, 21 दिवसांनी परत देता येते आणि कुठला स्कोअर पाठवायचा ते तुमच्या हातात असतं. 162 चे 165 करायला मात्र पैसे आणि दोन महिने घालवू नका, त्या वेळात प्रोजेक्टचा कोड, डेटा, ड्रॉइंग नीट लिहून कुठंतरी कोणालाही उघडून बघता येईल असं ठेवा. आणि एसओपीमध्ये स्कोअर का कमी आला याचं रडगाणं नको. खरंच काही घडलं असेल तर दोन ओळी, त्याही एलओआर लिहिणाऱ्यानं लिहिल्या तर जास्त बऱ्या. सिग्नल्सला, कंट्रोल्सला, एम-थ्रीला चांगले ग्रेड असतील तर ते विषय नावानिशी पुढे आणा, कारण क्वांटच्या शंकेला तेच उत्तर आहे.

राहता राहिले ते "टेन्शन घेऊ नको" म्हणणारे. अमेरिकेत अमेरिकन विद्यार्थी आणून देण्याबद्दल एजंटाला डोईनुसार कमिशन द्यायला तिथल्या कायद्यानं बंदी आहे, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना ते करता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र त्यातून वगळलंय. म्हणजे स्वतःच्या मुलांच्या बाबतीत ज्याला ते गैर समजतात ते आपल्या मुलांच्या बाबतीत चालतं. म्हणून पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात कितीतरी ऑफिसांत काउन्सिलिंग फुकट असतं. फुकट कसं परवडतं हे विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, दुकानात भाव करताना वाटत नाही. माझ्या मते राज्य सरकारनं हे नियमात आणायला हवं, काउन्सिलरनं सुचवलेल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीपुढे तिच्याकडून कमिशन मिळतं का नाही हे लिहून द्यायचं, सही-शिक्क्यासकट. ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत डिपॉझिट भरायच्या आधी आईवडिलांना घेऊन त्या ऑफिसात जा आणि हाच कागद मागा. आणि त्याच दिवशी डिपार्टमेंटला एक ईमेल टाका, की तुमच्या सेल्फ-फंडेड एमएसच्या मागच्या बॅचमधल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सहा महिन्यांत इंजिनिअरिंगचीच नोकरी लागली. आकडा आला तर बसून हिशोब करा. "आमचे विद्यार्थी विविध क्षेत्रांत यशस्वी आहेत" असं उत्तर आलं तर डिपॉझिट भरू नका.